तिठ्यावरचं लिंबू

ज्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ मरता मरता वाचला, त्या हिवाळ्यात आमच्या घरात लिंबंच लिंबं होती.

ऐंशी साल उलटून वर्ष होत आलं होतं. वाशीला राहायला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. त्याआधी आम्ही कुर्ल्याला एका खोलीत राहायचो. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होते. कामाजवळ घर मिळालं म्हणून ते खूश होते. आई खूश नव्हती. बैठ्या घरांची एक ओळ होती, तिच्या अगदी टोकाचं घर आमचं. आमच्या कोपऱ्यानंतर मुरूम टाकून तसाच सोडलेला रस्ता, पलीकडे मिठागरं, मग तिवरं आणि खाडी. विजेचे खांब उभे होते, पण त्यांच्यावर दिवे नव्हते. दिवस मावळला की तिवरांतून कोल्हे ओरडायचे. कुर्ल्यात भिंतीपलीकडे कुणी खोकलं तरी ऐकू यायचं आणि त्या आवाजांत आईला झोप लागायची. इथे ती सारखी उठून दाराची कडी बघायची.

मी तेव्हा पाचवीत होते. भाऊ दीड वर्षाचा, नुकता चालायला लागलेला. आमच्या दोघांच्या मधे आईला एक मुलगी झाली होती. ती महिनाभराची होऊन गेली. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

लिंबं आली ती बाबांच्या कारखान्यातल्या एका मित्राकडून. तो नगरकडचा, गावी लिंबाची बाग. त्या वर्षी हिवाळ्यात झाडं इतकी लगडली की उतरवून घ्यायला माणसं मिळेनात. सुट्टीवरून परतताना तो गोणी घेऊन आला आणि निम्मी गोणी आमच्या ओट्यावर रिकामी करून गेला. पिवळीधमक, पातळ सालीची लिंबं. भावाला तर चेंडूच मिळाले. तो ती घरभर लोळवायचा, पलंगाखाली घालायचा, मधेच एखादं दातांनी कुरतडून तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा कुरतडायचा.

आईनं त्यातलं एकही वाया जाऊ दिलं नाही. वरणावर लिंबू, पोह्यांवर लिंबू. ताजे बोंबील आले की ती ते मधोमध चिरून, हळद-मीठ आणि लिंबाचा रस चोळून, वर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवायची, म्हणजे त्यांचं पाणी निघून जाई. पिळलेल्या सालींना मीठ लावून ती तांब्याचा हंडा घासायची आणि त्याच साली मग माझ्या कोपरांना, टाचांना. थंडीनं टाचांना भेगा पडलेल्या असायच्या, लिंबू असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी यायचं. घसा धरला तर ती अख्खं लिंबू चिमट्यात धरून स्टोव्हवर भाजायची आणि रस फसफसायला लागला की त्यावर काळं मीठ घालून चाटवायची. कुणाला उलट्या होत असल्या तर वाळलेली साल जाळून तिची राख मधातून द्यायची. हे सगळं तिनं मराठवाड्यातल्या आपल्या गावातून आणलं होतं. लोणच्याची मोठी बरणी तोंडाला फडक्याचा दादरा बांधून मागच्या अंगणात ठेवलेली असायची आणि ऊन सरकेल तशी ती सरकवायचं काम माझं.

आमच्याकडे एक मासेवाली मावशी यायची. मिठागरांपलीकडच्या जुन्या गावातली. टोपली उतरवून ती आमच्या पायरीवर बसायची, आईला मासे साफ करून द्यायची आणि मग आई तिला पिळलेलं लिंबू हातांना चोळायला द्यायची. तेवढ्या वेळात दोघींच्या गप्पा व्हायच्या. एका सकाळी हात चोळता चोळता मावशी म्हणाली, "पोर बालंतपनाला आलीय माजी. पोरगा झाला. पन तिच्या तोंडाला चवच नाय. एक लिंबू दे गं बाय, भातावर पिलून देते."

आईनं ढिगातली चांगली टवटवीत चार-पाच निवडून तिच्या पदरात घातली. "पहिलटकरीण आहे का?" तिनं विचारलं.

"व्हय," मावशी म्हणाली आणि टोपली उचलून निघाली. एरवी ती जाता जाता माझ्या भावाचा गाल ओढायची. त्या दिवशी विसरली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रविवारी सकाळी मी दुधाची किटली घेऊन निघाले. खाडीवरून धुकं आलं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. मी दार उघडलं आणि चपला शोधत होते. तेवढ्यात भाऊ माझ्या मागून डुलत डुलत बाहेर गेला. पायरीच्या पुढे, आमच्या भिंतीचा कोपरा रस्त्याला मिळतो तिथे, तो फतकल मारून बसला. मला वाटलं त्याला एखादं लिंबू सापडलं. सापडलंच होतं. जवळ गेले तेव्हा दिसलं की त्याच्यासमोर द्रोणात दहीभात आहे, भातावर कुंकू सांडलं आहे आणि त्याच्या हातातल्या लिंबाला चहूबाजूंनी टाचण्या टोचलेल्या आहेत. त्यानं ते तोंडाकडे नेलं होतं. ओठांवर कुंकू लागलं होतं, की रक्त होतं, ते मला कळेना.

मी आईला हाक मारली. ती आली, तिनं बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी लिंबाला घाबरायच्या ऐवजी तिलाच घाबरले. ती ओरडली नाही. तिनं भावाच्या बोटांतून ते लिंबू पदरानं सोडवलं, त्याला मोरीत नेलं आणि त्याच्यावर पाणी ओतत राहिली. थंड पाणी, डिसेंबरातलं. तो रडून रडून निळा पडला तरी ती थांबेना. शेवटी बाबांनी उठून तिच्या हातातला तांब्या घेतला.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच घरातले देव विहिरीत सोडले होते. देवांबरोबर भुतंही गेली, असं बाबा म्हणायचे. त्यांनी बाहेर जाऊन ते लिंबू उचललं, टाचण्या एकेक करून काढल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या.

"काय करताय?" आईनं विचारलं.

"टाचण्या चांगल्या आहेत. कामाला येतील."

आईनं त्यांच्या खिशात हात घालून त्या काढल्या आणि गटारात टाकल्या. "कुणी ठेवलं असेल हो?"

"असेल कुणीतरी घाबरलेलं," बाबा म्हणाले. "तू नको घाबरू."

त्याच आठवड्यात भाऊ खोकायला लागला. आधी साधा खोकला होता. आईनं लिंबू भाजून चाटवलं, मधात रस कालवून दिला. मग खोकल्याची उबळ यायला लागली. तो खोकत राहायचा, खोकत राहायचा, आत श्वास घ्यायलाच मिळायचा नाही, आणि शेवटी एखाद्या पक्ष्यासारखा लांब आवाज काढून हवा ओढायचा. मग उलटी. मग थकून झोपायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डांग्या खोकला आहे म्हणून सांगितलं, औषध दिलं आणि म्हणाले की हा बरेच दिवस चालतो. घाबरू नका, पण उबळ येऊन पोर निळं पडलं तर मात्र वाट बघत बसू नका, सरळ मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या.

बाबा म्हणाले, थंड पाण्यानं झालं असेल. पण पुढच्या रविवारी सकाळी त्याच कोपऱ्यावर पुन्हा द्रोण होता, पुन्हा टाचण्या टोचलेलं लिंबू. त्या सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेलेले होते. आईनं मला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. काठीनं तिनं ते सगळं रस्त्यापलीकडे ढकललं. मग घरात आली, उरलेली लिंबं एका चादरीत बांधली आणि मिठागराकडच्या खड्ड्यात नेऊन टाकून आली. लोणच्याची बरणी तिला फेकवेना. ती माळ्यावर चढवली, तोंड भिंतीकडे करून, जणू बरणीला माणसासारखं तोंड होतं.

त्या दिवसापासून घरात लिंबू आलं नाही. पोहे कोरडे लागायचे. खोकल्यावर मीठ-हळदीचं पाणी. बाबा ताटावर बसून एकदा इकडेतिकडे बघायचे आणि काही न मागता जेवायचे.

मला स्वतःला काय वाटत होतं ते सांगायचं तर मी त्या कोपऱ्याला घाबरायला लागले. शाळेतून येताना मी लांबून वळसा घालून मागच्या अंगणातून घरात शिरायचे. भावाला उबळ आली की कान झाकून घ्यायचे आणि ती संपेपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवायचे. माझा श्वास संपला आणि त्याचा परत आला नाही तर काय, असं वाटायचं.

शेजारच्या काकू रोज भावाला बघायला यायच्या. त्यांनीच एक दिवस आईला हळूच म्हटलं, "सकाळी सगळ्यांत आधी तुमच्या पायरीवर कोण येऊन बसतं? ती मासेवालीच ना? त्यांच्या गावात मंत्र-तंत्र करणारे भगत असतात. लक्ष ठेवा तिच्यावर. आम्ही गल्लीतल्या सगळ्या जणी तुमच्या बाजूनं आहोत."

"नाव नका घेऊ कुणाचं," आई म्हणाली.

"अहो, पण पोराच्या जिवाशी खेळ आहे."

"म्हणूनच सांगते. नाव नका घेऊ."

काकू गेल्यावर मी आईला विचारलं, का नाही घ्यायचं नाव. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं. तिच्या गावात भानामतीची भीती फार. कुणाच्या कपड्यांना आपोआप आग लागली, कुणाची म्हैस आटली की भानामती झाली म्हणायचे आणि मग करणारी कोण ते शोधायचे. एका वर्षी सगळ्यांनी तिच्या आत्याचं नाव घेतलं. आत्या विधवा होती, एकटी राहायची. तिला चावडीपुढे आणून मारलं. आई तेव्हा माझ्याएवढी होती आणि गर्दीतून बघत होती.

"मग आत्यानं केली होती का?" मी विचारलं.

"कशाची करते बाई. तिला स्वतःलाच अंधाराची भीती वाटायची. कंदील विझवत नव्हती ती." आईनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मला दोन्हींची भीती वाटते बघ. त्या लिंबाची पण वाटते, आणि कुणाचं नाव घ्यायची पण वाटते."

पण शनिवार आला तसं तिनं ठरवलं की निदान बघायचं. कोण ठेवतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. बाबा दुसऱ्या पाळीला होते, आणि ते असते तर त्यांनी तिला बसू दिलं नसतं. दिवस कलला तशी ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसली, दिवा न लावता. भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता. त्याच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. मी तिच्या पाठीला चिकटून बसले. बाहेरचं आकाश आधी तांबूस आणि मग राखी झालं. धुकं खाडीकडून जमिनीलगत सरकत आलं. कोल्ह्यांनी एकदा आवाज दिला आणि गप्प झाले. मिठागराकडून कुणीतरी चालत येत होतं.

डोक्यावरून पदर घेतलेली बाई. ती सावकाश येत होती, दोन्ही हात पोटाशी धरून. आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि वाकली. मला आईच्या पाठीचं धडधडणं माझ्या गालाला कळत होतं. आई उठली, भावाला खांद्यावर घेतलं आणि दार उघडलं.

"मावशी," ती म्हणाली.

मावशीनं वर बघितलं. तिच्या हातात द्रोण होता. ती पळाली नाही. तिथेच मातीत बसली.

"आमचं काय चुकलं होतं?" आईनं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मी पुढे होऊन ऐकलं.

"तुमचा काय नाय चुकला, बाय. तुमच्यावर नाय केलं. आईशप्पत." मावशी म्हणाली. "माजी पोर येडी झालीय. पोराकडं बगत नाय. दूध पाजत नाय. भिंतीकडं तोंड करून बसते न् मधीच म्हनते, ह्या पोराला माज्यापासून लांब ठेवा, मी काय तरी करीन. भगत म्हनला, खाडीवरचं लागलंय. लिंबू उतरून शनवारी तिठ्यावर ठेव."

"इथे कुठला तिठा?"

मावशीनं हातानं दाखवलं. "ही मिठागराची वाट, ही गावची, न् ही खाडीची. इथंच मिलायच्या. तुमचा घर मागनं आला. वाटा जुन्याच हायेत."

आई आमच्या घराच्या भिंतीकडे बघत राहिली. मी पण बघितलं. मला वाटलं की आम्ही इतके दिवस कुणाच्या तरी पायवाटेवर झोपत होतो.

मग आईनं विचारलं, "लिंबू कुठलं?"

मावशीनं हातातला द्रोण मातीत ठेवला. "तुमीच दिलेलं," ती म्हणाली. "तिनं खाल्लंच नाय. घरात होतं तेच उतरलं."

म्हणजे आईनं ढिगातून निवडून, पदरात घातलेलं लिंबू त्या बाळंतिणीवरून उतरून आमच्या दारात आलं होतं, आणि माझ्या भावानं ते आपलंच समजून तोंडात घातलं होतं. आईनं ते सांगितलं. मावशीला हे माहीतच नव्हतं. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

त्याच वेळी भावाला उबळ आली. मी अशी उबळ तोवर पाहिली नव्हती. तो खोकला, खोकला, आणि मग तो पक्ष्यासारखा आवाज आलाच नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, आवाज नाही. संधिप्रकाशात त्याचे ओठ शाईसारखे दिसायला लागले. आईनं त्याला पालथा धरला, पाठीवर थोपटलं. मी ओरडत असेन, कारण शेजारचं दार उघडलं. किती वेळ गेला ते मला खरंच माहीत नाही. मग त्यानं हवा ओढली, फाटल्यासारखी, आणि मान टाकली.

"डॉक्टरांनी सांगितलंय वाट बघू नका म्हणून," आई म्हणाली. ती हे कुणालाच सांगत नव्हती. अनवाणीच ती मोठ्या रस्त्याच्या दिशेनं पळायला लागली.

मावशी तिच्या मागे पळाली आणि मी मावशीच्या मागे. मोठ्या रस्त्यावर बस नव्हती. कांदा-बटाटा बाजारातून मुंबईकडे निघालेला एक टेम्पो येत होता. मावशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हात पसरून. टेम्पो तिच्या अगदी जवळ येऊन थांबला. ड्रायव्हर शिव्या द्यायला खाली उतरला, आणि आईच्या खांद्यावरचं मूल बघून गप्प झाला. आई पुढे बसली. मी आणि मावशी मागे रिकाम्या गोण्यांवर. खाडीच्या पुलावर वारं असं लागत होतं की दात वाजत होते. मावशीनं मला आपल्या लुगड्याच्या पदरात घेतलं. तिला माशांचा वास येत होता. मला तिची भीती वाटत होती, आणि मी तिला घट्ट धरून बसले होते.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी भावाला लगेच आत घेतलं. छातीत न्यूमोनिया झाला होता. त्याच्या नाकाशी नळी लावली, हाताला सुई. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. मावशी बाकावर बसली नाही, आतही आली नाही. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसली. आईनं मला तिला बोलवायला पाठवलं तर ती म्हणाली, "मी नाय येत आत. माजी सावली नको त्याच्यावर."

बाबा कारखान्यातून परस्पर आले, अंगावर कामाचेच कपडे, हातांना ग्रीस. शेजारच्या काकांनी त्यांना निरोप दिला होता, आणि निरोपाबरोबर मासेवालीला पकडल्याचंही सांगितलं होतं. बाबा पायऱ्यांवर मावशीपाशी थांबले. मी दारातून बघत होते. ते तिला काय बोलतील याची मला धास्ती होती. ते बाजूच्या पायरीवर बसले.

"तुमची मुलगी कधीपासून अशी आहे?" त्यांनी विचारलं.

"पाचवी झाली तवापासून."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"भगत नको म्हनला."

बाबांनी हातावरचं ग्रीस रुमालाला पुसलं. ते निघत नव्हतं, तरी पुसत राहिले. "आता आमच्या पोराला इथं आणलंच आहे," ते म्हणाले. "तुमच्या मुलीला पण आणू."



भाऊ बरेच दिवस इस्पितळात होता. पहिले काही दिवस डॉक्टर आईच्या प्रश्नाला उत्तर देताना दुसरीकडे बघायचे. मग एका दुपारी त्यानं सुई लावलेल्या हातानं नर्सचा चष्मा ओढला, आणि आई तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. त्याला घरी आणलं तेव्हा तो चालायचं विसरला होता. भिंत धरून पुन्हा शिकला.

आम्ही घरी आलो त्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. मासेवालीला इकडे फिरकू द्यायचं नाही असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. दोन-तीन जणींनी तिला रस्त्यातूनच परत पाठवलं होतं. एकीनं तर टोपली उलटी केली होती. काकू आईला म्हणाल्या, "तुम्ही फक्त सांगा. तिच्या गावच्या पंचांकडे जाऊ सगळ्या मिळून."

आईच्या खांद्यावर भाऊ होता. "पंचांकडे कुणी जायचं नाही," ती म्हणाली. "तिनं माझ्यावर काही केलं नाही. आणि तिच्याकडचे मासे मीच घेणार आहे. माझ्या दारात ती बसेल."

"उद्या पुन्हा काही झालं तर?"

"झालं तर झालं," आई म्हणाली आणि घरात येऊन तिनं आतून कडी लावली. कडी लावून ती दाराला पाठ टेकून उभी राहिली. "मला फार भीती वाटतेय," तिनं बाबांना सांगितलं. "त्या बाया भरात आल्या ना, तर थांबत नाहीत. मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी ती मिठागराच्या बांधावरून मावशीच्या गावी गेली. मला बरोबर घेतलं. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी साचलं होतं आणि त्यावर मिठाची पापडी धरायला लागली होती. मावशीचं घर कौलारू, अंगणात जाळी वाळत घातलेली. आतल्या खोलीत अंधार होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं होतं ती भयंकर दिसेल. ती जेमतेम वीस-एकवीसची होती, केस सुटलेले, पोलक्यावर दुधाचे डाग वाळलेले. बाळ दुसऱ्या खोलीत मावशीच्या जावेकडे होतं.

आई तिच्यापासून हातभर अंतरावर, ती बघत होती त्याच भिंतीकडे तोंड करून बसली. बराच वेळ दोघी भिंत बघत होत्या. मग आई बोलायला लागली, माझ्या त्या बहिणीबद्दल, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. ती जन्मल्यावर आईला काय काय दिसायचं. विळी दिसली की अंगाला घाम फुटायचा. मुलीला जवळ घ्यायला हात पुढे व्हायचे नाहीत. मग मुलगी तापानं गेली, आणि आईला वाटलं की आपल्या मनात आलं म्हणूनच ती गेली.

"कुणाला सांगितलं नाही मी," आई म्हणाली. "तुला सांगते."

मुलीनं मान वळवली. "मग गेलं का ते?" तिनं विचारलं. फार दिवस न बोलल्यासारखा आवाज होता.

"गेलं. सावकाश गेलं. पण गेलं."

भगतानं विरोध केला, मावशीच्या दिरानंही केला. तरी काही दिवसांनी बाबा आणि आई तिला त्याच इस्पितळात घेऊन गेले. तिथे बाळंतपणानंतरच्या अशा आजाराला नाव होतं आणि गोळ्या होत्या. मावशीनं गोळ्या चालू ठेवल्या आणि उतारेही चालू ठेवले. तिनं आईला येऊन विचारलं, दुसरीकडे ठेवू का. आई म्हणाली, वाटा तुमच्या आहेत, ठेवा. फक्त टाचण्या नका टोचू, पोर लहान आहे. मग काही शनिवार साधंच लिंबू असायचं. आई ते बघून घरात यायची आणि भावाच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहायची. बाबा यावरून तिला एकदाही हसले नाहीत.

होळीच्या सुमारास मुलगी बाळाला पाजायला लागली. ती पूर्वीसारखी झाली असं मावशी म्हणायची. आई म्हणायची, पूर्वीसारखं कुणी होत नसतं, पण जेवते आहे ना, बास. पुढच्या पावसाळ्यानंतर नवरा तिला घेऊन उरणकडे गेला.

भावाची छाती पुढे बरीच वर्षं नाजूक राहिली. प्रत्येक थंडीत आई त्याच्या श्वासाकडे कान लावून बसायची. मीही बसायचे. आज तो पन्नाशीला आला आहे, बोरीबंदरला नोकरी करून निवृत्तीचे हिशेब मांडतो, आणि अजूनही फोनवर तो जरा खोकला की मी बोलायची थांबते.

मावशीच्या मुलीला मी नंतर एकदाच बघितलं. मी कॉलेजात जायला लागले होते. दार वाजलं, मी उघडलं तर टोपली घेऊन एक बाई उभी, बरोबर शाळेच्या गणवेशातला मुलगा. आपल्या आईचे गुडघे धरलेत म्हणून महिनाभर मीच फिरणार, असं ती म्हणाली. तिनं मला ओळखलं नाही. आई स्वयंपाकघरातून आली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईनं पायरीवर पाट ठेवला. मुलगा कंटाळून रस्त्यावर खेळायला पळाला, तशी ती वळून लगेच म्हणाली, "गाडी येते हा, लांब नको जाऊ," आणि तो परत येईपर्यंत तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. त्यानंतर तिनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि आईला विचारलं, "बोंबील देऊ का, ताजे हायेत."